सल्ला हवा: अंधारी गोष्ट असलेला प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम (सांगली–कोल्हापूर एसटीसाठी)

कृष्णाकाठी
राहतो सांगलीत, नोकरी कोल्हापुरात. रोज जाऊन-येऊन तीन तास एसटीत. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' (१९७९) कॉलेजपासून पाठ आहे. शेवटचं अर्धवट वाक्य अल्बमच्या सुरुवातीला पूर्ण होतं, तेव्हा अजून काटा येतो. तसंच प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं, पाहिजे: पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट, तीही काळीकुट्ट. दोन अटी. गुरगुरणारा आवाज नको, आणि शेवट सांगू नका.

जवारी_मिरज
डोळे झाकून ड्रीम थिएटर हा बँड. 'मेट्रोपोलिस पार्ट टू: सीन्स फ्रॉम अ मेमरी', १९९९. ७७ मिनिटं, म्हणजे तुमच्या एका बाजूच्या प्रवासात बसतो. निकोलसला एका अनोळखी बाईची स्वप्नं पडत असतात. संमोहनतज्ज्ञाकडे जातो तर कळतं, ती व्हिक्टोरिया, १९२८ साली खून झालेली. मग दोन भाऊ आणि पेपरात छापून आलेली बातमी. त्या बातमीवर लगेच विश्वास ठेवू नका.

रचना दोन अंकी, नऊ प्रवेश. नाट्यपंढरीतल्या माणसाला आणखी काय सांगायचं! आजोबा नाटकाला पदांचं पुस्तक घेऊन बसायचे, तसे गाण्याचे शब्द समोर ठेवा. कोण कधी बोलतंय हे नुसतं ऐकून कळत नाही, कारण सगळी पात्रं एकाच गायकाच्या गळ्यातून येतात. आणि दुसऱ्या अंकात सहा मिनिटं नुसती वाद्यं आहेत, तिथं समेवर मान हलवायच्या भानगडीत पडू नका. ताल इतक्यांदा बदलतो की फजितीच होते.

पेठेतला
अहो, शेवट सांगू नका म्हटलेत ना ते? बातमीचं बोलून अर्धा फोडलात की.

जवारी_मिरज
अर्धाच. उरलेला अर्धा जास्त वाईट आहे.

सातारी_कंदी
गोष्ट अंधारी व्हायला खून लागतोच असं नाही. स्टीव्हन विल्सनचा 'हँड. कॅनॉट. इरेज.' (२०१५) ऐका. त्यामागं खरी घटना आहे: लंडनमधली एक बाई २००३ च्या अखेरीस घरातच वारली आणि सापडली २००६ च्या जानेवारीत. टीव्ही तेव्हाही चालूच होता. बरं, ती कोणी निराधार म्हातारी नव्हती. अडतीस वर्षांची, बहिणी असलेली, चारचौघांत वावरलेली. विल्सननं तिच्यावरून सुचलेलं वेगळंच पात्र रचलंय. आपल्याकडं दोन दिवस दार उघडलं नाही तर शेजारीण कडी वाजवते, म्हणून मला हे आधी खरंच वाटेना. आता पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो, आता वाटतं.

त्यातलं 'रूटीन' मात्र एसटीत ऐकू नका. मी ऐकलं, तर शेजारच्या मावशींनी पाण्याची बाटली पुढं केली. "कोण गेलं का रे बाळा?"

पेठेतला
क्वीन्सराइकचा 'ऑपरेशन: माइंडक्राइम' (१९८८) कसा विसरलात सगळे? व्यसनी पोरगा, त्याला मारेकरी बनवणारा डॉक्टर एक्स, आणि एक नन. ओपेथचा 'स्टिल लाइफ'ही सुचवणार होतो, पण तुमची गुरगुरण्याची अट आडवी आली.

जवारी_मिरज
माइंडक्राइम भारीच, पण प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) कमी नि हेवी मेटल जास्त. आणि जेनेसिसच्या 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे'नं (१९७४) सुरुवात करू नका. गाणी सोन्यासारखी, गोष्ट मात्र मला अजून नीट लागलेली नाही.

कृष्णाकाठी
आज 'सीन्स' ऐकला. पहिल्यांदा शफल चालू राहिलं होतं, अंकलीच्या पुलावर लक्षात आलं, परत पहिल्यापासून लावला. हातकणंगल्याला शेजारी काय विचारत होता तेही कळलं नाही. शेवट... काही बोलत नाही. फक्त सगळं संपल्यावर जी खरखर येते ती माझ्या इअरफोनची का?

जवारी_मिरज
नाही. ड्रीम थिएटरचा २००२ चा अल्बम त्याच खरखरीनं सुरू होतो. उद्याच्या फेरीला तो लावा.