अठरा पूर्ण होणाऱ्या मुलासाठी कायमचे माणूस कसे जोडावे? मदत हवी आहे

मांजराकाठ
येत्या जूनमध्ये आमचा मुलगा अठरा पूर्ण करील आणि त्याला येथून बाहेर पडावे लागेल. आयटीआयमध्ये त्याचा वेल्डरचा कोर्स सुरू आहे, कागदपत्रे तयार आहेत, राहण्याची सोयही होईल. अडचण वेगळी आहे. ताप आला, मालकाने पगार अडवला किंवा पुढे लग्नाची बोलणी निघाली, तर ‘माझ्या बाजूने तुम्ही या’ असे ज्याला हक्काने सांगता येईल, असे एकही माणूस त्याला नाही. असे माणूस कसे जोडावे? दिवस थोडे उरले आहेत, म्हणून ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लवकर लिहावे.

पैठणवासी
‘येथून’ म्हणजे कोठून आणि आपण त्याच्या कोण, हे कळले नाही. बालगृहातील मुलगा असेल, तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून अनुरक्षण सहाय्य (संस्था सोडल्यानंतरची मदत) म्हणून दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. ही मदत २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत मिळते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा.

मांजराकाठ
मी लातूर जिल्ह्यातील एका बालगृहात काळजीवाहक आहे. पैशांचा अर्ज गेलेला आहे. माझा प्रश्न माणसाचा आहे, कृपया योजना लिहू नयेत.

जालनेकर
त्याचे नाव, फोटो आणि मूळ गाव येथे द्या. आमच्या व्यापारी मंडळींच्या गटात पाठवतो, एखादे चांगले कुटुंब त्याला दत्तकही घेईल.

जुना परिवीक्षा अधिकारी
असे मुळीच करू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

तुळजाई
आम्ही धाराशिवकडचे. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, आमच्या शेतात जवळच्या बालगृहातील मुलांना बोलावतो. भज्जी, आंबील, कोपीतली (कडब्याच्या खोपीतली) पूजा, सारे घरच्यांसोबत होते. त्यातून एका मुलीशी आमचे नाते टिकले, कारण सण संपल्यावरही तिच्या निकालाला, दवाखान्याला आणि भांडणालाही आम्ही गेलो. आपणही एक कुटुंब निवडून मुलाला त्यांच्याशी जोडून द्यावे.

औरंगपुऱ्याचा
मी स्वतः बालगृहात वाढलो आहे, म्हणून ताईंच्या मताशी सहमत नाही. दिवाळीला फराळ आणि वाढदिवसाला केक घेऊन दरवर्षी नवे काका-काकू येत, आम्हांला जवळ घेत आणि पुन्हा दिसत नसत. पुढे पुढे आम्ही त्यांची नावेही विचारत नव्हतो. मला सांभाळले ते माझ्याआधी बाहेर पडलेल्या एका दादाने; पहिली खोली, पहिले काम आणि पहिल्या आजारपणातली पेज, सारे त्याच्याकडून मिळाले. बाहेरचे कुटुंब शोधण्याआधी आपल्या संस्थेतून गेलेल्या मुलांना फोन करा.

तुळजाई
दादाही विशीतलाच असतो, त्याचेच बस्तान बसलेले नसते. त्याच्यावर एवढा भार टाकणे मला योग्य वाटत नाही.

जुना परिवीक्षा अधिकारी
हा वाद होण्याआधी मूळ माहिती हवी. मुलगा संस्थेत कोणत्या कारणाने आला? आई-वडील आहेत का? भेटीच्या नोंदवहीत आजवर कोणाची नावे आहेत? आणि मुख्य म्हणजे, ‘एकही माणूस नाही’ हे मुलाचे म्हणणे आहे की आपले?

मांजराकाठ
वडील वारले. आई ऊसतोडीला जात असे. तिने दुसरे लग्न केले आणि त्या घरात त्याला जागा झाली नाही. आत्या बीड जिल्ह्यात आहे. ती पूर्वी येत असे, नंतर येणे थांबले.

पैठणवासी
ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिचाही विचार व्हावा.

जुना परिवीक्षा अधिकारी
वसतिगृहाचा प्रश्न येथे नाही. आत्या का थांबली, हे कोणी जाऊन विचारले आहे का? माझ्या नोकरीत मी पाहिले की पुष्कळ नातेवाईक प्रेम आटले म्हणून नव्हे, तर गाडीभाड्याला पैसे नाहीत आणि रिकाम्या हाताने कसे जावे, या संकोचापायी थांबतात. मात्र रक्ताचे नाते म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आधी परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) गृहभेट द्यावी आणि मुलाची इच्छा विचारावी. त्यानंतर नातेवाइकाचे लग्न यासारख्या विशेष प्रसंगी बाल कल्याण समिती त्याच अधिनियमाच्या कलम ९८ नुसार साधारणपणे सात दिवसांपर्यंत देखरेखीखाली रजा देऊ शकते. जूनपूर्वी त्याचे तेथे जाणे-येणे सुरू झाले पाहिजे. बाहेर पडल्यावर अनोळखी दारात उभे राहणे अठरा वर्षांच्या मुलाला जमत नाही.

औरंगपुऱ्याचा
एका माणसावर थांबू नका. आत्या आहे, दादा आहे, शिकवणारे सर आहेत. कोणी लग्नाला उभे राहील, कोणी पगारासाठी मालकाशी बोलेल. आणि त्यांचे क्रमांक त्याच्या स्वतःच्या वहीत असू द्या, कार्यालयाच्या नोंदवहीत असून त्याला रात्री उपयोग होत नाही.

मांजराकाठ
आज त्याला विचारले. त्याने आत्याचे आणि वेल्डिंगच्या सरांचे नाव घेतले. सरांशी उद्या बोलते. आत्या सध्या टोळीबरोबर कर्नाटकात तोडीवर आहे आणि कारखाना बंद होईपर्यंत गावी येणार नाही. मुकादमाकडून तिचा ठावठिकाणा विचारणे योग्य ठरेल, की ग्रामपंचायतीमार्फत जावे? गावाचे नाव येथे लिहीत नाही. बीडकडच्या जाणकारांनी कृपया सांगावे.