मदत हवी आहे: भाच्याच्या 'बॉल पायथन'ने अंडी घातलीत, आता काय करू?

लूमवाला मामा
नमस्कार मंडळी. सोलापूरला पूर्व भागात आमचं घर. खाली टॉवेलचे चार लूम, वर आम्ही. सापांबद्दलचं माझं ज्ञान नागपंचमीला लाह्या वाहण्यापुरतं. तर गच्चीलगतच्या खोलीत सध्या आठ फुटी अजगर आहे आणि आज पहाटे तिने अंडी घातली. (कालपर्यंत आम्ही 'तो' म्हणत होतो.)

हे ध्यान माझ्या भाच्याचं. इथे कॉलेजला होता तेव्हा आमच्याकडेच राहायचा. तीन वर्षांपूर्वी बुटाच्या खोक्यात दोन फुटी पिल्लू घेऊन आला. "मामा, आफ्रिकेतला बॉल पायथन आहे, चार फुटांवर जात नाही, विषारी नाही, कागदपत्रं लागत नाहीत." विकणाऱ्याने फोनवर जे सांगितलं ते त्याने मला सांगितलं आणि मी मान डोलावली, ही माझी चूक. सहा फूट झाल्यावर विचारलं, तर म्हणे आपण खाऊपिऊ चांगलं घालतो ना. जानेवारीअखेर त्याला पुण्यात नोकरी लागली आणि साप माझ्या गळ्यात पडला. मागच्या महिन्यात पोत्यात घालून सुताच्या काट्यावर तोलला, साडेनऊ किलो भरला.

पंधरा दिवसांनी एक मेलेली कोंबडी गरम पाण्यात बुडवून देत होतो. मार्चपासून तोंड लावत नाही. मधे दोनतीनदा पोट वर करून पडलेली दिसली, म्हटलं संपला कारभार. पारा बेचाळीसवर गेला म्हणून पेटीसमोर कूलर लावून दिला. आज पहाटे बघतो तर वेटोळं, आणि मधे एकमेकांना चिकटलेली पांढरी अंडी. वरून चौदा मोजली, खाली किती आहेत देव जाणे. आणखी एक, दर काही सेकंदांनी तिचं अंग उचकी लागल्यासारखं झटकतं, पेटीची फळी थरथरते. आधी वाटलं खालच्या लूमचा हादरा. पण आज सुट्टी, लूम बंद.

नर नाही तर अंडी कशी? अंग झटकतंय म्हणजे आजारी आहे का? आणि भाचा म्हणतोय, मामा हात लावू नका, शनिवारी थर्माकोलचा खोका आणि थर्मोस्टॅट घेऊन येतो, पिल्लं काढू, एकेकाचे चांगले पैसे येतात. करू द्यावं का? घरात आई आहे, शेजारची दोन पोरं सारखी डोकावतात. जाणकारांनी लवकर सांगा.

अर्धा कप
कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ऑम्लेट. हलके घ्या मामा.

रानवाट
मी मिरजेकडचा, बारा वर्षं साप पकडून सोडतो. मामा, पहिलं काम, खोलीला कुलूप. पोरांना दारातूनही दाखवू नका. अंड्यांवर बसलेली मादी एरवी कितीही गरीब असली तरी आता फटका मारेल.

दुसरं, हा बॉल पायथन नाही. तो जेमतेम चारपाच फूट होतो आणि एका वेळी पाचसहा, फार तर दहाअकरा अंडी घालतो. तुम्ही वरूनच चौदा मोजलीत. लांबून, झूम करून डोक्याचा फोटो काढा. डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असेल. ती नाकापर्यंत ठसठशीत असेल तर बर्मीज (ब्रह्मदेशाकडचा) अजगर, नाकाकडे पुसट होत गेली असेल तर आपला देशी अजगर. ओठाचा खवला डोळ्याला टेकतो का तेही बघा, देशीत टेकतो.

लूमवाला मामा
फोटो टाकलाय. मला तरी खूण पुढे पुसटच दिसते.

रानवाट
देशी आहे. खवलाही टेकलाय. कुठल्या तरी उसाच्या फडातून किंवा ओढ्याकाठून उचललेलं पिल्लू 'आफ्रिकेतलं' म्हणून तुमच्या भाच्याला विकलं. हा धंदा जुना आहे. घोणशीची पिल्लं अजगर म्हणून हातात घेणारेही मी पाहिलेत, त्या मानाने तुमचं नशीब चांगलं.

पशुवैद्य ताई
झटके हा आजार नाही. अजगराची मादी अंड्यांना वेटोळं घालते आणि अंगाचे स्नायू आखडून स्वतः ऊब तयार करते. सापांमध्ये हे फार थोड्यांना जमतं. अंड्यांना तिला साधारण ३१-३२ अंश हवे असतात. त्याखाली गेलं की ती थरथरू लागते. मामा, तुमचा कूलर पहाटे तिच्या अंगावर गार वारा सोडतोय आणि ती बिचारी रात्रभर त्याच्याशी झगडतेय. तोंड भिंतीकडे वळवा. पूर्ण बंद मात्र करू नका. दुपारी पत्र्याखालची खोली चाळिशीवर गेली तर अंडीही जातील आणि तीही. पेटीत थर्मामीटर ठेवा, कोपऱ्यात पाण्याचं जड भांडं ठेवा. पोट वर करून पडणं आणि खाणं सोडणं ही गाभण मादीची लक्षणं होती. अंडी फुटेपर्यंत, म्हणजे दोन महिने, ती खाणार नाही. कोंबडी दाखवू नका.

नर नसताना अंडी घालता येतात, ती बहुधा पोकळ निघतात. क्वचित नराशिवाय पिल्लंही होतात. अमेरिकेत लुईव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात एका जाळीदार अजगरिणीने २०१२ साली ६१ अंडी घातली, त्यातून सहा पिल्लं निघाली, सगळ्या मुली, आणि बाप कोणीच नाही हे डीएनएवरून सिद्ध झालं. पण असले चमत्कार मानण्याआधी भाच्याला नीट विचारा, थंडीत ही कुठे गेली होती का? यांचा मिलनाचा काळ तोच.

ओहायोकर
सोलापूरचाच, जुळे सोलापूरचा. २००९ मध्ये इथे ओहायोत माझ्या रूममेटकडे तेरा फुटी बर्मीज होती. त्यामुळे थोडं पदरचं सांगतो. आठ फुटांवरचा साप एकट्याने हाताळायचा नाही हा त्याचा पहिला नियम. मामा, तुम्ही एकट्याने पोत्यात घालून तोललात हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. कोंबडीचा वास असलेला हात पेटीत घालायचा नाही, खाऊ लांब चिमट्याने द्यायचा, खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही. मोठं भक्ष्य गिळल्यावर बर्मीजचं हृदय दोनतीन दिवसांत ४० टक्के वाढतं, हे २००५ साली मोजून दाखवलंय. इतकं काम चालू असताना तिला उचलून सेल्फी काढणारे लोक मला कळत नाहीत.

विळखा बसलाच तर शेपटीकडून सोडवत यायचं. दातांनी धरलं तर हात ओढायचा नाही, दात आत वळलेले असतात, मांस फाटतं. रूममेटला एकदा धरलं होतं. मी नळाखालचं गार पाणी तिच्या तोंडावर सोडलं तेव्हा तिने सोडलं. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये त्याचा हात, आणि बाकीची बारा फूट फ्रीजला गुंडाळलेली.

आणि हो, रात्री गुपचूप नान्नजच्या माळावर किंवा हिप्परग्याच्या तळ्यावर सोडून यायचा विचार आला असेल तर नको. तीन वर्षं पेटीत वाढलेलं जनावर आहे. फ्लोरिडात लोकांनी कंटाळून सोडलेल्या बर्मीजने तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत काय केलं ते २०१२ च्या पाहणीत आलं, रकून नावाचा प्राणी दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटलं. आपला देशी असला तरी कुठला, कोणते रोग घेऊन आला, काही ठाऊक नाही.

काळा कोट
आता कडू भाग. देशी अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. बाळगणं, विकणं, पैदास, सगळा गुन्हा. तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. खरोखरचा बॉल पायथन असता तरी 'कागद लागत नाहीत' हे खोटंच. २०२४ च्या नियमांनी अशा परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. शनिवारचा थर्माकोलचा खोका आला की हौसेचं प्रकरण धंद्याचं होईल. भाच्याला तसं स्पष्ट सांगा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६. आजच, स्वतःहून फोन करा. धाड पडून सापडणं आणि स्वतः कळवणं यात फरक पडतो.

लूमवाला मामा
सगळ्यांचे आभार. आधी भाच्याची कबुली. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी घरात पंधरा पाहुणे होते, तेव्हा त्याने ती 'मित्राकडे' दहा दिवस ठेवली होती. मित्राकडे आणखी एक अजगर. दोघांना एकाच पेटीत ठेवलं, "जागा नव्हती मामा". म्हणजे चमत्कार वगैरे काही नाही, जावईच होता.

कूलर भिंतीकडे फिरवला. पेटीत ३१ दाखवायला लागल्यावर तासाभरात झटके कमी झाले. माझ्या बायकोने दाराच्या फटीतून घड्याळ लावून मोजले, मला अक्कल शिकवत.

१९२६ ला फोन केला. संध्याकाळी चार जण आले. दोघांनी ती धरली, तिसऱ्याने डोकं. चौथ्याने अंड्यांचा लगदा तसाच, न सोडवता, वरच्या बाजूला पेन्सिलीने खुणा करून ओल्या गोणपाटावर उचलला. उलटसुलट झालं तर आतला जीव मरतो म्हणाला. तेवीस अंडी निघाली, दोन पिवळी पडलेली. मी सगळं होतं तसं सांगितलं, विकणाऱ्याचा नंबर दिला, पंचनाम्यावर सही केली. आई म्हणाली बाळंतीण घरातून रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि तिने पेटीच्या फळीला हळदकुंकू लावलं. वनरक्षक काही बोलले नाहीत.

सोमवारी भाच्याला आणि मला जबाबाला बोलावलंय. काळा कोट, त्या 'मित्राचं' नाव आम्ही स्वतःहून सांगायचं की विचारल्यावर? आणि सोबत वकील न्यावा का?

काळा कोट
न्या. नाव स्वतःहून सांगा, त्या घरात अजून नर आहे. व्यनि (खासगी निरोप) करतो.