मदत हवी आहे: भाडेकरूंना वाय-फाय द्यायचंय, पण आई-बाबांचं नेट सुरक्षित ठेवून

नमस्कार मंडळी,

आई-बाबा साताऱ्याला असतात. खाली ते दोघं आणि वरच्या खोल्यांत कॉलेजची तीन मुलं भाड्याने. नुकतंच फायबर घेतलंय. नेटवाल्याने टीव्हीमागे ओएनटीचा (फायबरची तार येते तो) डबा बसवला, त्यातच वाय-फाय आहे. नावाला आमचं आडनाव आणि पासवर्डला बाबांचा मोबाइल नंबर ठेवून तो गेला. तोच नंबर आमच्या गेटवर 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीवर ठळक अक्षरांत आहे!

मुलांना नेट द्यायचं हे भाड्यातच ठरलंय. मुलं चांगली आहेत, पण त्यांच्याकडे मित्रांचा राबता असतो. बाबा पेन्शन आणि बँकेची कामं मोबाइलवरच करतात, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआरही याच नेटवर. शिवाय कनेक्शन बाबांच्या नावावर. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरातलं वाय-फाय वापरून गेला होता आणि तिथे राहणाऱ्याला चौकशीला सामोरं जावं लागलं होतं. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

१९२.१६८.१.१ (ओएनटीच्या सेटिंगचं पान) उघडून वाय-फायचा पासवर्ड मी लगेच बदलला. आता वेगळा राउटर घ्यायचा विचार आहे. तो ॲक्सेस पॉइंट म्हणून (ओएनटीचंच नेटवर्क नुसतं पुढे पसरवणारा) लावू की राउटर म्हणूनच (स्वतःचं वेगळं नेटवर्क करणारा)? आणि वाय-फायच्या सुरक्षेसाठी फक्त नवी डब्ल्यूपीए३ पद्धत ठेवली तर बाबांचा जुना प्रिंटर चालेल का? पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून जातोय, तेवढ्यात सगळं उरकायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
राउटर म्हणूनच लावा. ॲक्सेस पॉइंट केलात तर बऱ्याच राउटरांत गेस्ट (पाहुण्यांसाठीचं) नेटवर्क नावालाच वेगळं राहतं, मुलांना घरातली उपकरणं दिसू शकतात. ओएनटीचं वाय-फाय बंद करा, मुलांना नव्या राउटरचं गेस्ट द्या, घरच्यांना मुख्य. गेस्टचा पासवर्ड भाडेकरू बदलले की बदलायचा, म्हणजे आई-बाबांच्या फोनला हात लावावा लागत नाही.

जुना प्रिंटर बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालेल आणि त्याला डब्ल्यूपीए३ कळणार नाही. डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ (जुनी आणि नवी पद्धत दोन्ही) असा मिश्र पर्याय निवडा. तरी अडला, तर डब्ल्यूपीए२-एईएस. पासवर्ड लांबलचक असेल तर घरासाठी तेही ठीक आहे.

डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) मात्र आठवणीने बंद करा. पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे १० कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. २०११ मध्ये हे उघड झालं, तरी अजून कित्येक डब्यांत ते चालूच असतं. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय) बंद, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत, ॲडमिनचा (सेटिंगच्या पानाचा) पासवर्ड वाय-फायपेक्षा वेगळा, हे ओघाने आलंच.

धागाकर्ता:
खूप आभार! मिश्र पर्याय ठेवतो. डीव्हीआरची वायर सध्या ओएनटीला आहे. बाबा बाहेर असताना मोबाइलवर कॅमेरे बघतात. ती तशीच राहू दिली तर चालेल?

प्रतिसाद २:
नको, नव्या राउटरच्या लॅन पोर्टला काढून लावा. गेस्टवाल्यांना राउटरच्या आतलं दिसत नाही, पण ओएनटी त्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला असतो. त्याला जोडलेला डीव्हीआर त्यांच्या आवाक्यात येऊ शकतो, ओएनटीचं ॲडमिन पानही. म्हणून ओएनटीचाही ॲडमिन पासवर्ड बदला. तो नेटवाल्याकडेच असेल तर त्याच्याकडून बदलून घ्या, वाय-फायही त्यालाच बंद करायला सांगा.

दोन्हींचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर नव्या राउटरचा १९२.१६८.५.१ करा, नाहीतर नेट अडखळेल. कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरसाठी पोर्ट फॉरवर्ड (इंटरनेटवरून थेट आत यायची वाट) केला असेल तर तोही काढा. डीव्हीआरच्या ॲपमध्ये क्लाउडचा पर्याय असेल तर बाबांना कॅमेरे पोर्ट फॉरवर्डशिवायही दिसतील. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड तसाच असेल तर तो सर्वांत आधी बदला. २०१६ च्या मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्यात असेच कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात गेले होते.