करवलीचा प्रश्न: उंची कमी, सीट मोठी आणि आईची रुंद काठाची पैठणी

करवली_नाशिक
धाकट्या भावाचं लग्न मार्गशीर्षात आहे. उंची चार फूट अकरा इंच. खांदे अरुंद, छाती ३४, कंबर ३१ आणि सीट ४३. दुकानात गेलं की मला वरून एम लागतो आणि खालून एक्सएल. एम घेतला तर कुर्त्याचे दोन्ही कट फाकून उघडे राहतात. एक्सएल घेतला तर खांद्याची शिवण दंडावर उतरते.

नेटवर शोधलं तर कळलं की मी 'पेअर शेप', म्हणजे त्या फळासारखी वर अरुंद नि खाली रुंद. पेअरवाल्यांनी ए-लाइन (वरून खाली पसरत जाणारं) घालावं, वर फिकं नि खाली गडद घालावं, बुटक्यांनी रुंद काठ घेऊ नये, आडव्या रेघा तर अजिबात नकोत. आता माझ्यापुढे जे आहे ते असं:

लग्नात आईची पैठणी. वांगी रंग, पोपटी काठ, आणि काठ चांगला वीतभर. आईची उंची पाच फूट पाच, तिला ती शोभायचीच. आत्या म्हणते, "काठच दिसेल, तू दिसणार नाहीस." आईनं यावर बोलणंच बंद केलंय.

हळदीला अनारकली घ्यावी की शरारा?

रिसेप्शनला होणाऱ्या भावजयीचा आग्रह आहे की दोन्हीकडच्या मुलींनी गाऊन घालायचा. मी आयुष्यात गाऊन म्हणून फक्त घरात घालतात तो घातलाय.

वजन कमी कर हा सल्ला कृपया नको. तो घरात फुकट मिळतो.

जे_आवडेल_ते
अगं, कसला एवढा विचार करतेस! भावाचं लग्न आहे, आवडेल ते घाल, मनसोक्त नाच. या पेअर-अॅपलच्या भानगडी कपडे विकणाऱ्यांनी काढल्यात.

सुईदोरा_सांगली
आवडेल ते घालावं हे बरोबर आहे, पण तिला एमचे कट फाकलेले आवडत नाहीत, हाच तर तिचा प्रश्न आहे.

करवली, मी सांगलीत घरीच बायकांचे कपडे शिवते. माझ्या दारात आलेल्या बाईला मी कधी फळाचं नाव विचारलं नाही, टेप लावते. तू मापं दिलीस ते फार बरं केलंस. कंबर आणि सीट यांत बारा इंचांचा फरक आहे, सगळी गोम त्यात आहे. तयार कपडे याहून बऱ्याच कमी फरकावर कापलेले असतात, त्यामुळे तुला एम की एक्सएल हा प्रश्न सुटणारच नाही. सरळ कुर्ता घ्यायचाच असेल तर खांद्याला बसेल तो घे आणि बाजूचे कट टेलरकडून वर उसवून घे, सीट रुंद व्हायला लागते तिथपर्यंत. पन्नास-शंभर रुपयांचं काम. मुंढा (बाहीच्या जोडाचा गोल) आणि खांदा कमी करायचं काम किचकट, त्याला टेलर नाक मुरडतात, आणि बिघडलं की कुर्ता गेला.

लांबीही बघ. दुकानातले कुर्ते ४४-४६ इंचांचे असतात. तुझ्या अंगावर ते घोट्याच्या थोडे वर जाऊन थांबणार, मग पाय असे दिसतच नाहीत. ३६ इंचांवर खालची पट्टी मारून घे, गुडघ्याच्या जरा खाली येईल. ३८ नको, ते पोटरीच्या सगळ्यात जाड जागी थांबतं.

बाकी कुठलाही कपडा घेताना एवढंच बघायचं की कापड अंगाला कुठे टेकतं आणि कुठून सुटतं. तुझ्या बाबतीत ते खांद्याला आणि छातीला नीट टेकलं पाहिजे आणि सीटच्या आधीच सुटलं पाहिजे. सीटवर अडकून मग खाली सुटलेलं कापड सीटच दाखवतं, मग ते काळं असो की फिकं.

आता पैठणी. नेस. आत्याला चहा पाज आणि पैठणी नेस.

रुंद काठानं उंची कापली जाते म्हणतात, पण उंची कापली जाते ती रंग तुटल्यामुळे. काठ अंगाच्याच रंगाजवळचा असता तर वीतभर असूनही कोणाच्या डोळ्यांत आला नसता. वांगीवर पोपटी तुटणारच. तुटू दे. पैठणी नेसायची आणि काठ झाकायचा, तर मग नेसायची कशाला?

मला काळजी वाटते ती कंबरेची. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, उंच बाईला नि ठेंगण्या बाईला सारखाच, ४५ ते ४८ इंच. आईला तो पुरला. तुला पाच-सहा इंच जास्तीचा उरणार, आणि तो आपण सवयीनं कंबरेत कोंबतो. सुती साडीत खपतं. पैठणीचं रेशीम, त्यात काठाची जर, म्हणजे पोटावर जाड वळकटी तयार होते. मग लोक म्हणतात ठेंगणीला पैठणी जाड दिसते. साडीचा दोष नाही, कोंबण्याचा आहे. म्हणून नेसायच्या आधी साडी पलंगावर पसर आणि उरतो तेवढा वरचा काठ आतल्या बाजूला सपाट दुमडून घे. दुमड फक्त निऱ्या संपेपर्यंत, पुढे पदराकडे सोडून द्यायची. दुमडीवर गरम इस्त्री फिरवू नकोस, जुनी जर घडीवर तुटते. हातानं दाबलीस तरी राहते.

सीट ४३ म्हणजे पहिल्या वेढ्यातच बरीच साडी जाणार, निऱ्या कमीच येतील. पाच आल्या तरी बास, पण रुंद घे, आणि कंबरेला एकावर एक चपट्या बसव. पिन लावताना तिच्यात आधी एक मणी ओवून घे, म्हणजे पिनेच्या गोल टोकात रेशीम अडकत नाही.

परकर नाडीला चुण्या पडणारा नको, त्या चुण्या तुझ्या कंबर-सीटच्या मधोमध जमा होतात. सहा कळ्यांचा, सुती पॉपलीनचा शिवून घे, साडीच्या रंगाचा. हल्ली सगळ्या मुली तो गुडघ्यापर्यंत घट्ट असलेला फिश कटवाला घेतात. फोटोत छान दिसतो, पण तू करवली आहेस. हातात करा घेऊन उभं राहायचं, पाटावर मांडी घालायची, नवरदेवाच्या मागे पळायचं. त्यात पाऊलच पडत नाही.

ब्लाउज पोपटी रेशमाचा, काठाच्या रंगाचा. काठ खाली ओढतो ती नजर तोच रंग वर घेऊन येतो. खांदे अरुंद आहेत तर गळा पुढून रुंद ठेव, बोट नेक (खांद्याकडून खांद्याकडे जाणारा आडवा गळा) किंवा उथळ चौकोनी. खोल गळा घेतलास की खांदे आणखी आत गेल्यासारखे दिसतात. बाही कोपराच्या दोन इंच वर, थोडा पफ चालेल. मनगटापर्यंतची बाही नको. हात सोडून उभं राहिलं की मनगट नेमकं सीटपाशी येतं, आणि आपण तिथेच भरतकाम करून घेतो!

पदर पिन लावून, पण प्लेट पाच-सहा इंचांच्या ठेव, नाहीतर मोर अर्धे गायब. मागे गुडघ्याच्या लवणीपर्यंत लांब सोड.

शरारा नको. त्याच्यावरचा कुर्ता आखूड, तो सीटवर संपतो आणि खाली सगळा घेर. तुझे दोन तुकडे होतील. अनारकली घे, मऊ मलमलची किंवा कॉटनची, कळ्यांची. चुण्यांची घेऊ नकोस. योक (छातीवरचा वेगळा जोडलेला भाग) छातीखाली लगेच संपला पाहिजे. आत कॅन-कॅन (घेर फुगवणारी कडक जाळी) असेल तर काढून टाकायला लाव. हळदीचे डाग पडणारच, महागाची घेऊ नकोस.

गाऊन तुझ्या भावजयीला विचारून क्रेपचा घे, साटनचा नको. कंबरेला शिवण आणि तिथून ए-लाइन. घालणार ते सँडल पायात घालूनच लांबी मारून घे.

भिंगरी
मध्येच तोंड घालते, पण आडव्या रेघांबद्दल एक सांगायचंय. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६७ सालीच नोंदवून ठेवलंय की आडव्या रेघांचा चौरस उभ्या रेघांच्या चौरसापेक्षा उंच आणि अरुंद भासतो. २०११ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन आणि सहकारी संशोधिकेनं कपड्यांवर तेच तपासलं, आणि आडव्या रेघांनी बाई जाड दिसते याला आधार सापडला नाही. तरी माझी सासू आडव्या रेघांचा कुर्ता बघितला की "हे जाड दिसतं गं" म्हणतेच. हेल्महोल्ट्झ तिच्यापुढे हरलाय.

सुईदोरा_सांगली
भिंगरीताई, मजा आली वाचून. पण चौरस श्वास घेत नाही, जेवण झाल्यावर फुगत नाही. ताणलेल्या कापडावर रेघ वाकडी होते आणि जिथे वाकडी झाली तिथेच बघणाऱ्याची नजर जाते. सैल कपड्यावर आडवी रेघ खुशाल घाला. घट्ट टी-शर्टवर घातली तर तुमच्या शास्त्रज्ञांचं काही चालणार नाही.

उलटं_पेअर
सुईदोरा काकू, माझं करवलीच्या बरोब्बर उलट आहे. छाती ४२, सीट ३८, पाय बारीक. काहीही घातलं तरी छातीखाली तंबू होतो, कारण कापड तिथून सरळ खाली लोंबतं. बटणांचे शर्ट तर सोडूनच दिले. साडीचा ब्लाउज शिवला तर काखेत रग लागते.

सुईदोरा_सांगली
रग लागते म्हणजे मुंढा आणि टक्स (आकार द्यायला कापडात घातलेल्या चिमट्या) चुकतायत. साध्या चार टकच्या ब्लाउजमध्ये ४२ छातीला आकार पुरत नाही, ओढ काखेत जाते. कटोरी (छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेला ब्लाउज) शिवून घे. प्रिन्सेस कटही चालतो, पण नवख्या टेलरनं केला तर शिवण छातीच्या उंचवट्यावर न जाता कडेनं जाते नि मग सगळंच सपाट. बाजूला दोन्हीकडे इंचभर माया (शिवणीच्या आत जास्तीचं कापड) ठेवायला सांग, पुढे सैल करता येते.

बाही छातीच्या रेषेवर संपू देऊ नकोस, तिथे आडवी रेघ तयार होते. कोपरापर्यंत घे. गळा व्ही किंवा खोल चौकोन. बंद गळा, फ्रिल, पुढे मोठं भरतकाम, यातलं काही नको.

तंबूवर उपाय अंगरखा. छातीवर एकावर एक येणारे पदर आणि बाजूला बांधायचे बंद, त्यानं कापड छातीखाली आत ओढलं जातं. परदेशी रॅप ड्रेस म्हणतात तोही असाच चालतो, डायान फॉन फर्स्टेनबर्गनं तो १९७४ मध्ये बाजारात आणला नि अजून विकला जातोय. आपल्याकडे अंगरखा त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पाय बारीक आहेत तर चुडीदार किंवा सिगरेट पँट घाल. पलाझोनं तुझी जमेची बाजू झाकली जाते.

जावईबापू
बायकांच्या धाग्यावर आलोय, माफी असावी. त्याच लग्नाला (नाशिकच्याच, गंमत बघा, नाहीतर दुसरं असेल) जायचंय. पोट पुढे आहे. नेहरू जॅकेट घातलं की बटणं ओरडतात. काय करावं?

सुईदोरा_सांगली
जावईबापू, जॅकेट उघडं ठेवा, आतला कुर्ता एकाच गडद रंगाचा. दोन्ही बाजूंच्या जॅकेटच्या उभ्या कडा पोट मधून दोन ठिकाणी कापतात. कुर्ता गुडघ्याच्या वर संपवा. आणि पोटाखाली नाडी बांधायची सवय सोडा, बेंबीवर बांधा. खाली बांधल्यानं पोट झाकलं जात नाही, उलट वर येऊन बसतं.

करवली_नाशिक
सुईदोरा काकू, तुमची दुमड आज आईसमोर पलंगावर करून बघितली. वळकटी नाही! आई बोलायला लागली, आणि पहिलं वाक्य "मी इतकी वर्षं कोंबतच आले" असं निघालं. आत्याला उद्या दाखवणार.

दोन शंका. आईचा जुना ब्लाउज त्याच पैठणीच्या कापडाचा आहे, तो मला सैल होतो. तोच बारीक करून घेतला तर? आणि टेलरकडे कधी टाकू?

सुईदोरा_सांगली
जुना ब्लाउज बारीक करू नकोस. घामानं काखेतलं रेशीम विरलेलं असतं, टाके उसवले की तिथेच फाटतं. तो तसाच जपून ठेव आणि पोपटी नवा शिव.

टेलरकडे नवरात्र संपायच्या आत टाक. दिवाळी जवळ आली की आम्ही ब्लाउज घेणं बंद करतो, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर आलीस तर जो घेईल तो शिकाऊ मुलाच्या हाती देईल. अस्तर सुती दे आणि आधी पाण्यातून काढून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून वरचं रेशीम सुरकुततं. आणि माप द्यायला जाताना लग्नात आत जी ब्रा घालणार आहेस तीच घालून जा. पुष्कळ जणी घरच्या सैल ब्रावर माप देतात आणि मग ट्रायलला माझ्याशी भांडतात.