सबग्लेशियल, कोअर, ड्रिलिंग: मराठीत काय लिहायचं?

वाळव्याचा मास्तर:
मंडळी, जरा मदत पाहिजे. इस्लामपुरात आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन आहे, मी अंटार्क्टिकावर तक्ते करायला घेतलेत, पण पेंग्विन नकोत म्हटलं, बर्फाच्या खाली जी जमीन दडलीय तिचा अभ्यास वेगवेगळे देश मिळून कसा आखतात त्यावर करू. जवळजवळ १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर बर्फ, सरासरी जाडी २ किलोमीटरच्या आसपास, काही ठिकाणी साडेचारच्या पुढं, आणि त्याच्याखाली डोंगररांगा, दऱ्या, शेकडो तळी. पोरं थांबून वाचतील असा विषय आहे. पण मराठी करायला बसलो आणि पहिल्याच ओळीत गाडं अडलं. 'सबग्लेशियल'ला काय लिहू? एका सहकाऱ्यानं 'अधोहिमानी' सुचवलं, ते लिहिलं तर बारावीतल्या हिमानी नावाच्या मुलीचं वर्षभर काही खरं नाही. 'हिमनदीखालचा' म्हणावं तर ही एखादी हिमनदी नाही, अख्खा खंड झाकणारा थर आहे. त्या थराला बरेच जण 'हिमचादर' म्हणतात, पण दोन किलोमीटर जाडीची चादर सोलापुरातबी मिळायची नाही. शिवाय बेडरॉक (सगळ्याच्या खालचा पक्का खडक), कोअर आणि ड्रिलिंग रांगेत उभेच आहेत.

कृष्णाकाठची:
सर, सरळ 'बर्फाखालचा' लिहा की. बर्फाखालचं तळं, बर्फाखालचा डोंगर, कुणालाही कळतं. अगदीच तक्त्याला शोभायला हवं असेल तर 'हिमतळ' घ्या, हिमतळातली सरोवरं, हिमतळाचं भूशास्त्र असं चालवता येतं. आणि चादरीऐवजी 'हिमथर'.

वाळव्याचा मास्तर:
'हिमथर' घेतला ताई, वाद नाही. 'हिमतळ' माझ्याबी मनात होता, पण तळ कुणाचा? बर्फाची खालची बाजू की बर्फाच्या खालची जमीन? इथं हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कितीतरी जागी या दोघांच्या मध्ये पाणी आहे. व्होस्टोक सरोवर घ्या, त्याच्यावर पावणेचार किलोमीटर बर्फ आणि तरी पाणी पातळ. खालून पृथ्वीची उष्णता येते, वरचा जाड थर ती बाहेर जाऊ देत नाही आणि एवढ्या दाबाखाली बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो. म्हणजे वरून खाली आधी बर्फ, मग पाणी, मग गाळ, मग खडक. 'हिमतळाचा नमुना' असं लिहिलं तर यातला नक्की कुठला?

माणदेशी बोअरवाला:
नमस्कार, माझं शिक्षण कमी पण भोकं पाडण्यात जिंदगी गेली म्हणून बोलतो. मास्तर, तुम्ही आधी हे सांगा की एवढ्या बर्फाखाली डोंगर हाय का तळं हाय हे त्यांना वरनं कळतं कसं, तिकडं पाणाड्या नारळ घेऊन फिरतोय व्हय? आमच्या माणात पाणाड्यानं दाखवलेल्या जागी साडेतीनशे फूट गेलो आणि नुसती धूळ निघाली तर शेतकरी माझ्याकडंच बघतो. तिथं तर एका बोअरचा खर्च काय असंल आणि त्यात पाच-सात देशांची भागीदारी, मग जागा चुकली तर कोण कुणाकडं बघणार?

वाळव्याचा मास्तर:
हा हा, लाख मोलाचा प्रश्न. पाणाड्याचं काम तिथं रडार करतं. थंडगार बर्फातून रेडिओ लहरी बऱ्यापैकी आरपार जातात, विमानाच्या पंखाखाली अँटेना लावून समांतर रेघा मारत उडायचं, खडकावरून परत येणारा प्रतिध्वनी वेगळा आणि पाण्यावरून येणारा जास्त ठळक आणि सपाट. सोबत गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय मोजणी, त्यावरून खाली कुठल्या जातीचा खडक असेल याचा अंदाज. गॅम्बर्टसेव्ह नावाची डोंगररांग तर १९५८ साली सोव्हिएत पथकाला भूकंपलहरींच्या मोजणीत सापडली, आल्प्सएवढी रांग आणि वर एक सुळकासुद्धा दिसत नाही. मग २००८-०९ च्या हंगामात सात देशांनी मिळून विमानं उडवून तिचा नकाशा केला. पण काका, रडार आकार दाखवतं, खडकाचं वय नाही. त्यासाठी भोक पाडून तुकडा वर आणायलाच लागतो. म्हणून आखणीत आधी वर्षानुवर्षं नुसती हवाई मोजणी, मग जागेवर भांडण, आणि मग बोअरची गाडी.

कराडकर:
'बेडरॉक'ला 'आधारशिला' लिहू नका एवढी विनंती, आमदारसाहेब नारळ फोडतायत असं वाटतं. 'तळखडक' घ्या. तुमच्या तक्त्यात डेनमन हिमनदीखालची दरी असेलच, तिचा तळ समुद्रसपाटीच्या साडेतीन किलोमीटर खाली आहे, तिथं 'तळखडक' चपखल बसतो.

आता 'कोअर', म्हणजे भोकातून वर काढलेला खडकाचा नमुना. बरेच लेख 'गाभा' लिहितात आणि तिथंच घोळ होतो. '२००६ साली अंटार्क्टिकात मॅकमर्डो केंद्राजवळ १२८५ मीटर गाभा काढला' असं वाचलं की अर्धी पोरं पृथ्वीच्या गाभ्यात शिरतात, कारण भूगोलाच्या पुस्तकात गाभा म्हणजे कवच, प्रावरण, गाभा यातलाच. आमच्याकडं हजारमाचीला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, कोयनेच्या भूकंपाचा अभ्यास करणारी. १९६७ चा भूकंप आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात. तर त्या अभ्यासासाठी कोयना भागात आधी दीड किलोमीटरपर्यंतचे बोअर घेतले आणि मग गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल गेले, सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण संपला आणि खाली ग्रॅनाइट. त्या कामावर ड्रायव्हरपासून साहेबापर्यंत सगळे 'कोअर'च म्हणत होते. लांब पेटीत खाचा असतात, त्यात दगडाचे दांडके ओळीनं मांडायचे, वरची बाजू कुठली त्याचा बाण काढायचा, किती मीटरपासून किती मीटरपर्यंत ते पेटीवर रंगानं लिहायचं. दांडकं उलटं ठेवलं तर सगळा इतिहास उलटा. त्याला 'कोअर' म्हणण्यात काय कमीपणा आहे ते मला कळत नाही.

कृष्णाकाठची:
कमीपणा नाही दादा, पण एकदा तरी मराठीत फोड करावी. 'खडकाचा सलग दांडा (कोअर)' असं पहिल्यांदा आणि मग पुढं नुसतं कोअर.

माणदेशी बोअरवाला:
दांडा लई भारी. आमच्या हॅमरच्या गाडीला दांडा मिळत नाय, पार भुकटी होऊन वर येती. त्यामुळं हा फरक तक्त्यावर घ्याच मास्तर, पाण्याचा बोअर येगळा आणि दांडा काढायचा बोअर येगळा.

वाळव्याचा मास्तर:
घेतो. १२८५ मीटरचा जो दांडा कराडकरांनी सांगितला त्याची मजा अशी की तिथं यंत्र उभं होतं समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावर, खाली ८०० मीटरच्या वर पाणी आणि त्याच्याखाली समुद्रतळ. अमेरिका, न्यूझीलंड, इटली, जर्मनी अशा चार देशांचं काम. दांड्यात एक थर हिमनदीनं आणून टाकलेल्या गोट्यांचा तर दुसरा मोकळ्या समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांचा, असं पुन्हा पुन्हा. म्हणजे बर्फ तिथून कितीदा मागं हटला आणि परत आला त्याची नोंदवही.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक शब्द, ड्रिलिंग. मजकुरात मी 'उत्खनन' टाकलेलं पाहून एका मित्रानं ठीक आहे म्हटलं. मला ते ठीक वाटत नाही. तुम्ही सांगा.

कराडकर:
अजिबात ठीक नाही. आपल्या जिल्ह्यात 'उत्खनन' हा शब्द माणूस कुठं वाचतो? 'अवैध उत्खनन', 'गौण खनिज उत्खनन', तहसीलदारांची नोटीस, वाळूचा डंपर पकडला. अंटार्क्टिकात उत्खनन म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात सोनं, कोळसा, तेल. आणि नेमकं तेच तिथं बंद आहे. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठीचा १९९१ चा माद्रिद करार, १९९८ पासून लागू, त्याचं सातवं कलम म्हणतं की वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांशी संबंधित कुठलंही काम करायचं नाही. म्हणजे अख्खा करार ज्या फरकावर उभा आहे तो फरकच तुम्ही एका शब्दानं पुसून टाकणार. पुरातत्त्ववाले उत्खनन म्हणतात ते मला माहीत आहे, पण तिथंसुद्धा माती उकरून काढणं आहे, इथं वीतभर रुंदीचं भोक आहे.

कृष्णाकाठची:
'वेधन' म्हणा मग. शब्द जुना आहे, कर्णवेध सगळ्यांना माहीत असतो.

माणदेशी बोअरवाला:
वेधन म्हणा न्हायतर काय म्हणा, आमी 'बोअर मारला' म्हणणार. पण ताई बरोबर बोलली, कान टोचल्यावर सोनं काढत नाहीत, घालतात.

वाळव्याचा मास्तर:
काका, हे वाक्य मी चोरणार. तर 'वेधन', आणि बोलताना बोअर. आता आखणीबद्दल जे लिहितोय त्यात अजून एक शब्द टोचतोय. इंग्रजीत सगळीकडं 'क्लीन' आहे, मी 'स्वच्छ वेधन' लिहिलं होतं, पण व्होस्टोकची गोष्ट वाचल्यावर तो शब्द फिका वाटायला लागला. रशियन पथक ५ फेब्रुवारी २०१२ ला ३७६९ मीटरवर सरोवराच्या पाण्याला पोचलं, पण भोक मिटू नये म्हणून त्यात केरोसीनसारखं द्रव भरलेलं होतं, त्यामुळं वर आलेल्या नमुन्यातले जीव सरोवरातले का आपणच नेलेले यावर वाद पेटला. २०१३ ला अमेरिकनांनी व्हिलन्स सरोवरात उलटं केलं, ८०० मीटर बर्फ गरम पाण्याच्या झोतानं भेदला, ते पाणी बर्फ वितळवूनच केलेलं, आधी गाळलेलं आणि अतिनील किरणांखालून काढलेलं. खाली जिवंत सूक्ष्मजीव मिळाले आणि त्यांच्यावर लोकांनी बराच विश्वास ठेवला. हे 'स्वच्छ'च्या पलीकडचं आहे. 'निर्जंतुक' म्हणावं तर शंभर टक्के निर्जंतुक काही नसतं.

कृष्णाकाठची:
'सोवळ्यातलं' म्हणा. गंमत केली. 'जंतुरोधक काळजी घेऊन केलेलं' असं सरळ वाक्यात लिहा, सगळ्याला एकच शब्द पाहिजे हा हट्ट का?

कराडकर:
ताईंशी सहमत. आखणीवाल्या तक्त्यात परवानगीचा भाग नक्की घ्या, तो कुणी सांगत नाही. एवढं मोठं वेधन करायचं तर आधी सविस्तर पर्यावरण मूल्यमापनाचा मसुदा करायचा, तो करारातल्या सगळ्या देशांना पाठवायचा, अभिप्रायाला ९० दिवस, आणि या देशांच्या पुढच्या सल्लागार बैठकीच्या निदान १२० दिवस आधी तो पोचला पाहिजे. त्याला 'ना हरकत दाखला' म्हणू नका. तिथं हरकत नाही असं शिक्का मारून सांगणारं कुणी नाही, बाकीचे देश शंका काढतात आणि शेवटी निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा. 'मूल्यमापन'च बरोबर. भारत १९८३ पासून मूळ अंटार्क्टिक करारात आहे आणि त्याच वर्षी सल्लागार देश, म्हणजे निर्णयात मत असलेला देशही झाला, म्हणजे असे मसुदे आपल्याकडंही येतात.

वाळव्याचा मास्तर:
आणि भारताचा संबंध तेवढ्यावर संपत नाही. आपलं अंटार्क्टिकातलं भारती संशोधन केंद्र ज्या लार्समन टेकड्यांवर आहे तिथल्या आसपासच्या खडकांचं नातं आपल्या पूर्व घाटाशी लावतात, गोंडवाना या प्राचीन महाखंडात दोन्ही एकमेकांना चिकटून होते. उघडा खडक किनाऱ्यालगत थोडासाच, बाकी सगळं नातं हिमथराखाली. हा 'गोंडवाना' शब्द जगभरच्या भूशास्त्रात आपल्या गोंडांच्या मुलखावरून गेलाय, तो तक्त्यावर ठळक करणार.

बरं, 'फील्ड सीझन'ला 'मोहीम' लिहिलंय. चालेल ना?

माणदेशी बोअरवाला:
मोहीम म्हणजे एकदा गेले, फत्ते करून आले. हे तर दरसाल जात्यात म्हणता.

कराडकर:
'हंगाम' लिहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारखान्याच्या गळितासारखंच, तेवढ्यातच काम उरकायचं. वेधनाच्या एका प्रकल्पाचे दोन-तीन हंगाम तर इंधन आणि सामान ओढून नेण्यातच जातात, भोक नंतर. एल्सवर्थ सरोवराला ब्रिटिश लोक डिसेंबर २०१२ मध्ये ऐन हंगामात अडकले, दोन भोकं खाली एकमेकांना जोडायची होती ती जुळली नाहीत, पाणी तापवायचं इंधन संपत आलं आणि काम सोडून परत आले.

वाळव्याचा मास्तर:
'हंगाम' पक्का. मग एल्सवर्थच्या चौकटीला 'हंगाम वाया गेला' असं शीर्षक देतो, आमच्याकडं त्याचा अर्थ कुणाला विचारायला लागत नाही. 'हिमतळ' मात्र काढून टाकला, सगळीकडं 'हिमाखालचा' केलंय. कुणाला 'सेडिमेंट'साठी गाळापेक्षा बरं काही सुचत असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा, संध्याकाळी फ्लेक्सवाल्याकडं फाईल द्यायचीय.

माणदेशी बोअरवाला:
गाळच ऱ्हाऊ द्या.