मदत हवी आहे: घरात दोन कुत्रे आहेत आणि या ख्रिसमसला खरं झाड आणायचंय

नमस्कार मंडळी,

यंदा पहिल्यांदाच घरात खरं ख्रिसमस ट्री आणायचं ठरलंय. आत्तापर्यंत प्लॅस्टिकचंच असायचं, सण झाला की घडी घालून माळ्यावर. पण या वेळी आई आमच्याकडे राहायला येतेय आणि तिला खऱ्या झाडाचा वास फार आवडतो, तिने काही मागितलेलं नाहीये पण मलाच मनापासून वाटतंय की तिच्यासाठी एवढं करावं. अडचण आहे ती आमच्या दोन लेकरांची.

मोठा बंड्या, लॅब (लॅब्रॅडॉर), आता वय झालंय, स्वभावाने एकदम गरीब, पण बाहेरून कुठलंही रोप आत आलं की त्यावर त्याला आपली सही करायचीच असते, परवा एक कुंडी आत घेतली तर ती खाली टेकायच्या आत हा मागचा पाय उचलून तयार. आणि धाकटी चिमी, सात महिन्यांची, तिला दिसेल ते तोंडात घालायचंय. फिरायला नेलं की रस्त्यातली काडी उचलते, पुढच्या दोन पंजांत उभी धरते, साल सोलते, अर्धी थुंकते आणि अर्धी गिळते. म्हणजे खालच्या फांद्या आणि बुंधा ती सोडणार नाही हे मला आत्ताच दिसतंय.

तर ज्यांनी घरात कुत्रा असताना खरं झाड ठेवलंय त्यांनी प्लीज सांगा, त्या सुईसारख्या पानांनी विषबाधा होते का, स्टँडमधलं पाणी कुत्रे प्यायले तर काय होतं (नेटवर एक जण म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो लगेच डॉक्टरकडे पळा), झाड अंगावर पडू नये म्हणून काय करता, आणि बंड्याच्या पाय वर करण्याचं काय करू? अजून झाड घेतलेलं नाहीये त्यामुळे "आणूच नका" असं कुणाचं ठाम मत असेल तर तेही सांगा, पण कारण द्या. या दोघांना काही झालं तर मला सण नकोच.

रानवारा:

ताई, आणायच्या आधी विचारताय हे फार चांगलं. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं खरं झाड आणि कुत्रे दोन्ही असतात, तेव्हा जमतं, पण तयारी झाडाच्या आधी करायची.

आधी पानांचं. फर, स्प्रूस, पाइन ही जी नेहमीची झाडं ख्रिसमसला आणतात ती जीवघेणी विषारी नाहीत. पानांतल्या तेलाने आणि खोडाच्या चिकाने तोंड चुरचुरतं, लाळ गळते, जास्त खाल्लं तर उलटी-जुलाब होतात. दोन-चार सुया चघळल्या तर बहुतेक वेळा एवढ्यावरच निभावतं. पण मूठभर गिळल्या तर गोष्ट वेगळी, त्या पचत नाहीत, टोकदार असतात, पोटात-आतड्यात टोचतात आणि गोळा होऊन अडकूही शकतात. लहान चणीच्या कुत्र्याला हा धोका जास्त.

एका झाडाचं नाव मात्र लक्षात ठेवा, यू, शास्त्रीय नाव टॅक्सस. याची पानं दिसायला फरसारखीच पण मऊ आणि चपटी, हिरवी असतात आणि मध्ये लाल फळं. दाराला लावायच्या हिरव्या रीदमध्ये (फांद्यांच्या गोल तोरणात) हे कधीकधी घालतात. हे खरोखर विषारी आहे, थेट हृदयावर परिणाम होतो. त्यामुळे झाड घेताना आणि विशेषतः रीद घेताना यात कुठल्या फांद्या आहेत हे विचारूनच घ्या, विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका.

कापलेलंच पाहिजे असं नसेल तर कुंडीतलं नॉरफोक आयलंड पाइन हा पण पर्याय आहे, पण तेही चघळलं तर कुत्र्याला उलट्या होऊ शकतात. आणि कुंडीतल्या मातीवरही लक्ष ठेवा, बोनमील नाहीतर ब्लडमील (हाडांच्या किंवा वाळलेल्या रक्ताच्या भुकटीचं खत) घातलेलं असेल तर कुत्र्याला तो वास म्हणजे जेवणाचं आमंत्रणच, आणि ते खत भरपूर खाल्लं की पोटात दगडासारखा गोळा होतो.

लॅबवाली:

पाण्याबद्दल मी सांगते कारण माझ्या मते खरा धोका तिथे आहे आणि सगळे पानांवरच बोलत बसतात.

स्टँडमधलं पाणी साचलेलं असतं, त्यात चीक उतरतो, बॅक्टेरिया आणि बुरशी वाढते, झाडावर आधी कीटकनाशक किंवा खत मारलेलं असेल तर त्याचाही अंश उतरू शकतो. वरून लोक त्यात झाड टिकावं म्हणून काय काय घालतात, साखर, अ‍ॅस्पिरिन, पाकिटातली पावडर. अ‍ॅस्पिरिन कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला वाईट, ते तर कधीच नको. आणि यातल्या कशाचीच गरज नसते! अमेरिकेतली नॅशनल ख्रिसमस ट्री असोसिएशन ही झाडं पिकवणाऱ्यांचीच संघटना आहे, तेसुद्धा सांगतात की साधं नळाचं पाणी पुरे. फक्त आणल्यावर बुंध्याचा खालचा साधारण एक सेंटीमीटर काप ताजा काढायचा आणि लगेच पाण्यात ठेवायचं, आणि पाण्याची पातळी त्या कापाच्या खाली कधी जाऊ द्यायची नाही, नाहीतर चीक वाळून तोंड बंद होतं आणि मग कितीही ओता झाड पीत नाही. बुंध्याच्या दर इंचाला जवळजवळ लिटरभर पाणी मावेल असं स्टँड घ्या, म्हणजे चार इंची बुंधा असेल तर चार लिटरचं. सुरुवातीला झाड खूप पितं, रोज सकाळ-संध्याकाळ बघावं लागतं.

हे सगळं कुत्र्यांच्या धाग्यावर का सांगतेय, तर झाड तहानलेलं असलं की सुया भराभर गळतात, आणि गळलेल्या सुयाच चिमीच्या तोंडात आणि पंजांच्या गाद्यांमध्ये जाणार. झाड ताजं राहिलं की निम्मं काम तिथेच होतं, आगीचा धोकाही कमी. हीटरपासून लांब ठेवा.

स्टँड झाकायचं कसं, तर झाकण असलेलं स्टँड मिळालं तर उत्तमच, नाहीतर जाड पुठ्ठा नाहीतर पातळ प्लाय दोन अर्धगोलांत कापा, मध्ये बुंध्यापुरती खाच, दोन्ही बाजूंनी सरकवून खालून टेप मारा, पाणी घालायला छोटं भोक ठेवा. वर नुसतं कापड टाकून चालणार नाही, लॅब ते नाकाने बाजूला सारतो. आणि दोघांचे पाण्याचे वाडगे कायम भरलेले ठेवा.

धागाकर्ती:

लॅबवाली ताई, रानवारा, खूप खूप आभार, पाण्याचं इतकं सविस्तर मला कुठेच मिळालं नव्हतं. यू बद्दल तर काहीच माहीत नव्हतं, आणि मी दारासाठी रीद बघूनच ठेवली होती, आता आधी विचारते. पाय वर करण्याचं आणि झाड पडण्याचं कुणी सांगेल का?

एक वाचक:

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सात महिन्यांचं पिल्लू असताना खरं झाड कशाला? यंदा प्लॅस्टिकचं ठेवा, पुढच्या वर्षी शहाणी झाली की आणा.

रानवारा:

प्लॅस्टिकचं म्हणजे सेफ असं नाही ना पण. त्याची पाती चघळून गिळली तर ती पण पचत नाहीत, आतड्यात अडकतातच. आणि माळा, काचेचे गोळे, झिरमिळ्या दोन्ही झाडांवर सारख्याच, डॉक्टरकडे न्यायची वेळ बहुधा त्यांच्यामुळेच येते. खऱ्या झाडाला पाणी आणि सुया या दोन गोष्टी जास्तीच्या, त्या सांभाळता येत असतील तर आईसाठी जरूर आणा असं मी म्हणेन.

पडण्याबद्दल: स्टँड रुंद बुडाचं आणि जड घ्या, झाड कोपऱ्यात ठेवा, आणि बुंध्याला वरच्या तिसऱ्या भागात तंगूस बांधून दोन बाजूंच्या भिंतींतल्या हुकांना ताणून घ्या. तंगूस म्हणजे ती पारदर्शक नायलॉनची दोरी, दिसत नाही. एकाच बाजूला बांधलं तर झाड त्या दोरीवर गोल फिरून पडतं, म्हणून दोन बाजू. बांधल्यावर स्वतः हाताने चांगलं हलवून बघा, लॅब शेपटी हलवत अंगावरून गेला तरी टिकलं पाहिजे.

हिरवाई:

बंड्याच्या सहीबद्दल. 🙂 त्याच्या दृष्टीने झाड म्हणजे झाड, ते घरात आलंय म्हणून त्याचा नियम बदलत नाही, त्यामुळे रागावून काहीही साधत नाही, उलट तुमची पाठ वळली की करेल. आम्ही असं केलं होतं. झाड आत घ्यायच्या आधी कुत्र्याला बाहेर नेऊन भरपूर फिरवून मोकळं करून आणायचं. मग पट्टा लावूनच झाडाजवळ न्यायचं, हवं तितकं हुंगू द्यायचं, घाईने ओढायचं नाही. त्याने फिरून फिरून एकाच जागी नाक लावलं आणि बाजूने वळायला लागला की समजायचं आता पाय उठणार, त्या क्षणी आनंदी आवाजात हाक मारून बाजूला बोलवायचं आणि खाऊ द्यायचा. हुंगून आपणहून बाजूला झाला तरी खाऊ. पहिले काही दिवस झाडाशी एकटं सोडायचंच नाही. चुकून केलंच तर साध्या फिनेलने पुसू नका, वास राहतो आणि तो परत तिथेच करतो, लघवीचा वास मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर येतं ते वापरा.

चिमीसाठी मात्र ट्रेनिंगच्या भरवशावर राहू नका हो, त्या वयात दात शिवशिवत असतात. झाडाभोवती सरळ प्लेपेनची जाळी लावा, पिल्लासाठी घेतली असेल तीच उलटी वापरायची, पिल्लू बाहेर आणि झाड आत. सुंदर दिसत नाही हे मान्य, पण घरात कुणी नसताना आणि रात्री ती असायलाच पाहिजे, किंवा त्या खोलीचं दार बंद. तिला चावायला तिचं काहीतरी द्या म्हणजे नुसतं नाही-नाही होणार नाही. आणि झाड पहिले काही दिवस नुसतंच ठेवा, सजावट न करता. त्यात नवलाई ओसरते.

लॅबवाली:

सजावटीचं राहिलं ते लिहिते. चकचकीत झिरमिळ्या आणि रिबिनी नकोतच, लांब दोऱ्यासारखं काही गिळलं की एक टोक वर अडकतं आणि आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं, कापलंही जातं, बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं. काचेचे गोळे फक्त वरच्या फांद्यांना, खाली कापडाचे नाहीतर लाकडाचे मोठे, आणि तारेच्या हुकाऐवजी जाड दोऱ्याने घट्ट बांधलेले. मिठाच्या कणकेचे दागिने (मुलं शाळेत करतात ते) अजिबात लावू नका, त्यात मीठ इतकं असतं की एक खाल्ला तरी कुत्र्याला उलट्या, थरथर, झटके येऊ शकतात. झाडाला चॉकलेट टांगायचं नाही, आणि झाडाखाली ठेवलेल्या गिफ्टमध्ये चॉकलेट, मनुकावाला केक किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेली बिनसाखरेची गोळी असेल तर ती कपाटात, कागदाच्या सात घड्यांतूनही बंड्याला वास येणार.

माळेची वायर भिंतीकडून घ्या, पाइपमध्ये घाला, झोपताना प्लग काढा. वायर चावून शॉक लागला तर कुत्र्याला हात लावायच्या आधी मेन बंद करा, आणि मग तो ठीक दिसला तरी डॉक्टरकडे न्याच, फुप्फुसात पाणी भरायला काही तास जातात. बॅटरीवाली माळ घेतलीत तर बटण सेलचा डबा स्क्रूने बंद होणारा बघा, सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, त्यात वेळ घालवायचा नसतो.

धागाकर्ती:

सगळं वहीत उतरवून घेतलं. नवऱ्याला हुकांचं सांगितलंय, जाळी आहेच आमच्याकडे, आणि खालच्या दोन हात उंचीवर मी काहीच लावणार नाही असं ठरवलंय, आईला चालेल. झाड आणायचं नक्की! अजून एकच, सुया खाल्ल्याच तर घरी वाट बघायची की नाही, ते कसं ओळखायचं? चिमी खाऊन झाल्यावर इतकी साळसूद बसते की काही कळतच नाही. आणि चीक केसांना लागला तर?

रानवारा:

एखाद-दुसरी उलटी, थोडी लाळ आणि मग नेहमीसारखी खेळतेय, जेवतेय तर लक्ष ठेवा, पाणी द्या. पण पुन्हा पुन्हा उलटी, पाणीसुद्धा पोटात न ठरणं, जेवण बंद, पाठ कमानीसारखी करून उभं राहणं, पोटाला हात लावू न देणं, शीला जोर करूनही न होणं, शीत रक्त किंवा काळी शी, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. आणि घरी मीठ-पाणी वगैरे पाजून उलटी करवायची नाही, टोकदार वस्तू असेल तर वर येताना परत टोचते आणि मीठ स्वतःच घातक. तुमच्या डॉक्टरांचा आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आत्ताच फ्रिजवर लावा, ऐन सणाला नेहमीचा दवाखाना बंद असतो.

चीक पाण्याने निघत नाही, उलट पसरतो. स्वयंपाकाचं साधं तेल बोटाने चोळा, पाच-दहा मिनिटांनी मऊ होतो, मग बारीक कंगव्याने काढून तिच्या शाम्पूने धुवा. थिनर, रॉकेल असलं काही लावू नका, ती चाटते. पंजे रोज संध्याकाळी बोटं फाकवून बघायचे, सुई गादीच्या आत नाही, दोन बोटांच्या मधल्या केसांत अडकलेली असते.