नाटोत गेल्यानं रशिया चवताळतो की बिचकतो?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)
कृषी केंद्रात डीएपीची चौकशी करायला गेलो, तर बोलणं खतावरून रशियावर आणि तिथून युक्रेनवर गेलं. दुकानदार म्हणे, "बड्या धुरेकऱ्याच्या नाकावर टिच्चून तालुक्यातल्या गुंडाशी दोस्ती केली, मग तो गप बसन काय?" म्हणजे मोठ्या शेजाऱ्याला, रशियाला, न जुमानता युक्रेन नाटोशी (अमेरिका-युरोपच्या लष्करी गटाशी) सलगी करायला गेला, म्हणून मार खाल्ला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला हे पटत नाही, म्हणून इथं मांडतो.

एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया २००४ मध्ये नाटोत गेले. तिन्ही एकेकाळी सोव्हिएत संघातले, तिघांच्याही हद्दी रशियाला लागून. त्यांच्यावर रणगाडे चालून गेले नाहीत. मार बसला जॉर्जियाला आणि युक्रेनला, म्हणजे बाहेर राहिलेल्यांना. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत नाटोनं या दोघांना सांगितलं की तुम्ही पुढे सदस्य व्हाल. कधी, ते सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध पेटलं. माझं म्हणणं एवढंच की आत गेलेल्याला शेजारी हात लावत नाही. 'येतो, येतो' म्हणत उंबरठ्यावर ताटकळणाऱ्याला मात्र तो झोडपतो, कारण जे करायचं ते आत्ताच, नंतर जमणार नाही, हे त्याला कळतं.

वर्धेकाठचा
भाऊ, हे निकाल लागल्यावर पेपर तपासल्यासारखं झालं. २००४ मध्ये रशियाची काही करायची ऐपत नव्हती. राग तेव्हाचाच, तो निघाला पुढच्यावर. जॉर्ज केनन, सोव्हिएत संघाला आवर घालण्याचं अमेरिकेचं धोरण ज्यांनी सुचवलं तेच, १९९७ मध्ये लिहून गेले की नाटो पूर्वेकडे वाढवणं ही शीतयुद्धानंतरची अमेरिकेची सर्वांत घातक चूक ठरेल. ते काही रशियाचे भाट नव्हते.

आणि जुनं उदाहरण घ्या. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत गेला आणि त्याच महिन्यात सोव्हिएत गटाचा वॉर्सा लष्करी करार झाला. एकानं गट केला की दुसराही करतो. धुऱ्याच्या भांडणात निदान भूमी अभिलेखवाले येऊन मोजणी करून देतात, नाही पटलं तर कोर्ट आहे. देशांच्या भांडणात मोजणीदार कोण?

पऱ्हाटी
मोजणीदार नाही म्हणूनच सोबती लागतात ना! आणि तटस्थ राहून काय मिळालं तेही बघा. युक्रेननं २०१० मध्ये कायदाच केला की आम्ही कुठल्याही लष्करी गटात जाणार नाही. त्यांचा क्रिमिया प्रांत रशियानं बळकावला २०१४ मध्ये, म्हणजे तो कायदा चालू असताना. तो रद्द झाला त्या वर्षाच्या डिसेंबरात. मग चिथावणी नेमकी कशाची होती? नाटोची तर नव्हती. सरकार बदललं आणि देश युरोपीय संघाकडे झुकला, तेवढंही रशियाला खपलं नाही.

रिटायर्ड_हवालदार
मले इचारान तं कागदाले कोनी भेत नाई. म्या शिक्कीमात ड्युटी केली हाय. २०१७ चं डोकलाम पाहा. जागा भूतानची, चीन तिथं रस्ता बांधाले आला, अन् आपले जवान आडवे झाले. जून ते ऑगस्ट समोरासमोर, पन एक गोळी चालली नाई. भूतानसंग आपला २००७ चा करार हाय, पन 'तुमच्यावर हल्ला म्हंजे आमच्यावर हल्ला' असं त्यात कुठंच लिवलं नाई. तरी रस्ता त्या जागी थांबला. अन् हेबी सांगतो, जरा बाजूले चीननं पुढं बांधकाम केलंच. मानूस जिथं उभा हाय, धाक तेवढ्याच जागेचा.

गुरुजी_गोंदिया
हवालदारसाहेब, अगदी मुद्द्याचं बोललात. नाटोच्या 'एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला' या पाचव्या कलमातही आपोआप फौज पाठवायची सक्ती नाही. प्रत्येक देशानं स्वतःला आवश्यक वाटेल ती मदत करायची, असं ते आहे.

पण चिथावणीचं उदाहरण शोधायला युरोपात कशाला जायचं? १९५४ मध्ये पाकिस्ताननं अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार केला. 'आता परिस्थिती बदलली' असं म्हणत नेहरूंनी काश्मीरच्या सार्वमतावरची भूमिका ताठर केली. म्हणजे त्या वेळी 'चिथावलेला मोठा शेजारी' आपणच होतो! हे आपल्याकडे कोणी बोलून दाखवत नाही. पाकिस्तान सिएटोत गेला, सेंटोत गेला, म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या लष्करी गटांत, पॅटन रणगाडे मिळवले. १९७१ मध्ये त्यातलं काय कामी आलं?

वर्धेकाठचा
तेच तर! आर्मेनिया बघा. रशियाच्या लष्करी गटाचा सदस्य. सप्टेंबर २०२२ मध्ये अझरबैजाननं हल्ला केला, आर्मेनियानं मदत मागितली, फौज कोणी पाठवली नाही. धाक कुठं गेला?

पऱ्हाटी
आर्मेनियाचा मुद्दा मान्य. ज्याच्या जिवावर तो बसला होता, तो स्वतःच युक्रेनमध्ये गुंतला होता. गुरुजी, १९७१ चं मात्र अर्धंच सांगितलंत. ९ ऑगस्टला आपण सोव्हिएत संघाशी करार केला. डिसेंबरात अमेरिकेनं सातव्या आरमारातली जहाजं बंगालच्या उपसागराकडे धाडली, तर मागोमाग सोव्हिएत जहाजं आली. चीनही हलला नाही.

गुरुजी_गोंदिया
चीन हलला नाही याचं निम्मं श्रेय हिमालयातल्या बर्फाला द्या. लष्करप्रमुख माणेकशॉ हिवाळ्यापर्यंत थांबले, त्यात खिंडी बंद होण्याचा हिशोब होताच. तुमचं उंबरठ्याचं म्हणणं मला पटतं, पण उंबरठा ओलांडल्याशिवाय आत जायचं कसं? प्रत्येक सदस्याची संमती लागते. तुर्की आणि हंगेरीनं स्वीडनला मार्च २०२४ पर्यंत लटकवलं.

पऱ्हाटी
त्याचंच उत्तर फिनलंड-स्वीडननं दिलं. दोघांनी मे २०२२ मध्ये अर्ज केला. त्याच्या आठवडाभर आधी ब्रिटननं दोघांशी लेखी ठरवलं की मधल्या काळात हल्ला झाला तर मदतीला येऊ. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आत गेला आणि रशियाला सुमारे १,३४० किलोमीटरची नवी नाटो-हद्द मिळाली. नाटो दाराशी आल्यानंच रशिया पेटत असता, तर इथं आगडोंब उसळायला हवा होता. उलट त्या सीमेजवळचं बरंच सैन्य त्यानं युक्रेनकडे हलवलं.

वर्धेकाठचा
हलवलं, कारण तिकडे माणसं कमी पडत होती. २०२४ मध्ये फिनलंडच्या बाजूचा लेनिनग्राड लष्करी विभाग पुन्हा उभा केला, तो कशासाठी? आणि फिनलंडला रशिया बिचकत असेल तर त्यांच्या घरोघरच्या राखीव सैनिकांमुळे. १९३९ च्या हिवाळ्यात एकट्यानं सोव्हिएत फौजेला घाम फोडला होता, तेव्हा नाटो जन्मालाही आली नव्हती.

रिटायर्ड_हवालदार
हे बराबर हाय.

पऱ्हाटी
पण त्या युद्धात फिनलंडला करेलिया प्रांताचा बराच भाग सोडावा लागला, हेही लिहा ना! एवढं लढूनही जमीन गेलीच. ८० वर्षं गटाबाहेर राहून, सैन्य तयार ठेवूनही शेवटी ते नाटोच्या दारात गेले. रशियाला त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलंय? ते का गेले, एवढं सांगा.